ढाल मिळाली, उत्तर राहिलं

वादविवाद स्पर्धेत समोरच्याचा मुद्दा खोडता येत नसेल तर काय करायचं? त्याच्या बोलण्याची टर उडवायची. हॉल हसतो, टाळ्या पडतात. कॉलेजात मी हे केलंय. समोरचा मुलगा 'पाणी'ला 'पानी' म्हणत होता. मी तेवढंच पकडलं आणि ढाल घेऊन घरी आले. 'गावात एसटीच येत नाही, तर मुली कॉलेजात येणार कशा?' हा त्याचा प्रश्न मात्र मी सोयीस्कर टाळला होता.

१७ मार्चला विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा स्मृतिदिन येतो, तेव्हा मला ती ढाल आठवते.

शास्त्रीबुवा परंपरेचे कट्टर अभिमानी. १८७४च्या जानेवारीत 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा ते २३ वर्षांचे होते, म्हणजे माझ्याहून फक्त एका वर्षाने मोठे! एकूण ८४ अंक निघाले, आणि लिहिणारे जवळपास एकटेच. इंग्रजीचा दबदबा असताना मराठीत लिहिण्याची लाज वाटू नये, हे त्यांनी लोकांच्या मनावर ठसवलं. सरकारी शाळेतली नोकरी सोडून १८८० मध्ये टिळकांसोबत न्यू इंग्लिश स्कूल काढलं. 'केसरी'च्या उभारणीतही ते होते. १८८२ मध्ये गेले तेव्हा वयाची ३२ वर्षंही पूर्ण नव्हती.

त्यांच्या उपरोधातून मिशनरी सुटले नाहीत, लोकहितवादी सुटले नाहीत. जोतीराव फुल्यांवर लिहिताना तर त्यांनी फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची खिल्ली उडवली. पण शूद्रांना आणि बायकांना विद्येपासून लांब कुणी ठेवलं, हा फुल्यांचा प्रश्न व्याकरणाच्या चुका काढून कसा सुटणार?

त्या प्रश्नाचं मोल कळायला आपल्याला लांब जायची गरज नाही. इथे नगरमध्येच अमेरिकन मिशनची मुलींची शाळा होती. तिथलं मिस फरार यांचं काम पाहून फुले भारावले, आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवायचं प्रशिक्षणही नगरमध्येच घेतलं. आज मी मुलगी असून पेपरात लिहितेय, त्याची एक वाट तिथून येते.

मग शास्त्रीबुवांना विसरायचं का? मुळीच नाही. त्यांचा अभ्यास घ्या, पटलेल्या गोष्टीसाठी नोकरीवर पाणी सोडायची हिंमत घ्या, मराठीची ती धार तर घ्याच. फक्त ती धार मुद्द्यावर चालवा, माणसाच्या बोलीवर नको.

पुढच्या वेळी कुणाच्या पोस्टखाली झणझणीत कमेंट टाकायचा मोह झाला, तर क्षणभर थांबा. त्याने विचारलंय काय, ते आधी वाचा. उत्तर असेल तर बिनधास्त टाका, टोमण्यासकट!

माझी ढाल अजून शोकेसमध्ये आहे. त्या मुलाला द्यायचं उत्तर अजून बाकी आहे.