स्टँडवरची इटिऑस आणि अमेरिकेची हातभट्टी

जळकोटच्या स्टँडसमोर उदगीरच्या सीटा भरत उभी असलेली पांढरी इटिऑस. सीटवर टॉवेल, आरशाला माळ, बंपरला लिंबू-मिरची आणि मागं तिघांच्या जागी चौघं. ही गाडी बघून वेग कुणालाच आठवत नाही. मनात एकच प्रश्न येतो: निघणार कधी?

तर ऐका. हिची सख्खी बहीण राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून बसलेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर एमआरएफच्या राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद पुण्याच्या डायना पंडोलेनं मिळवलं. गाडी कोणती? टोयोटा इटिऑस. आतल्या सीटा काढून टाकलेल्या, छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा, ड्रायव्हर पट्ट्यांनी करकचून बांधलेला. बाकी नाकडोळे तेच. कार रेसिंगचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी डायना ही पहिली भारतीय स्त्री. पेशानं शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८ मध्ये जेके टायरनं महिला ड्रायव्हरांचा शोध घेतला, त्यातून ती पुढं आली. म्हणजे पहिली निवड ते राष्ट्रीय विजेतेपद अवघ्या सहा वर्षांत, आणि तेही शाळा, डबे, गृहपाठ सांभाळून.

हे मी स्टँडवरच्या इटिऑसवाल्याला सांगितलं. तो तंबाखू मळत होता. हात थांबला. "काय सांगलालाव सर! ह्या गाडीची रेस?" मग बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "हिला उदगीरच्या घाटात तिसरा गिअर टाकून दाखवा म्हणावं."

पाट्यांनी घात केला

दुकानात मिळते तीच गाडी घेऊन शर्यतीत उतरायचं, असा सुरू झालेला खेळ अमेरिकेत फार मोठा. नाव स्टॉक कार. दुकानदाराकडं स्टॉकला असलेली गाडी, एवढाच त्याचा अर्थ. तो चालवणाऱ्या संस्थेचं नाव नॅस्कार, स्थापना १९४८. पण खेळाची मुळं शोधत गेलात तर पोचाल थेट हातभट्टीवर.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत चोरून दारू गाळली जायची आणि रात्री गाड्यांतून शहरांत पोचवली जायची. मागं पोलीस. त्यामुळं गाडी बाहेरून अगदी साधी, गावातल्या मास्तराची वाटावी अशी. आत इंजिन मात्र चेव आणलेलं. आणखी एक अडचण होती. डिकीत दारूचे डबे भरले की गाडी मागून बसायची आणि पोलिसांना लांबूनच कळायचं. मग मागचे पाटे कडक करायचे. ऊस, वाळू, दगड वाहणाऱ्या आपल्याकडच्या ड्रायव्हरांना ही विद्या वेगळी शिकवायला नको.

रात्री पोलिसांना चकवणारी ही पोरं रविवारी एकमेकांशी पैजा लावू लागली. १९ जून १९४९ रोजी शार्लट गावी नॅस्कारची पहिली 'कडक स्टॉक', म्हणजे गाडीत फेरफार न करता पळवायची, शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डचे मागचे पाटे बदललेले सापडले, कारण गाडी दारू वाहणारी होती! डनवे बाद, आणि दुसरा आलेला जिम रोपर विजेता. हा रोपर लांबच्या कॅन्ससहून आलेला. शर्यत आहे हे त्याला वर्तमानपत्रातल्या चित्रकथेतून कळलं होतं म्हणे.

या धंद्यातला सगळ्यात नामांकित गडी ज्युनियर जॉन्सन. १९५६ मध्ये बापाच्या भट्टीवर पकडला गेला, अकरा महिने तुरुंगात काढले, बाहेर येऊन पुन्हा पळाला आणि कारकिर्दीत नॅस्कारच्या एकूण ५० शर्यती जिंकला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला रीतसर माफी दिली. आपल्याकडं भट्टीवाल्याला माफी मिळायला इतकी वर्षं लागत नाहीत, पण ते असो.

पहिल्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाची बाईही उतरली होती, हे विसरू नका. आणि त्याच वर्षीचा लुईस स्मिथचा किस्सा तर घराघरांत चालण्यासारखा. बाईसाहेब नवऱ्याची नवी फोर्ड घेऊन डेटोनाची शर्यत 'बघायला' गेल्या, बघता बघता त्यात उतरल्या आणि गाडीचा चेंदामेंदा केला. बसनं घरी येऊन सांगितलं, गाडी वाटेत बिघडली, तिकडंच सोडून आले. नवऱ्यानं मुकाट वर्तमानपत्र पुढं केलं. त्यात गाडीचा फोटो छापून आला होता.

दारूवाले आणि दारूवाला

योगायोग बघा. अमेरिकेत दारूवाले रेसर झाले, आणि आपल्या महाराष्ट्रातून फॉर्म्युला वनच्या उंबऱ्यापर्यंत जो पोरगा पोचला त्याचं आडनावच दारूवाला. पारशी आडनावं बऱ्याचदा पूर्वजांच्या धंद्यावरून पडतात, त्यात त्याचा दोष नाही.

मुंबईचा जेहान दारूवाला, जन्म १ ऑक्टोबर १९९८. २०११ मध्ये फोर्स इंडिया या एफ-वन संघानं 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाचा शोध घेतला. देशभरातून तिघं निवडले, त्यांतला एक हा, वय तेरा. २०१७ मध्ये न्यूझीलंड ग्रां प्री जिंकला. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीमध्ये जगात तिसरा आला. पुढच्या वर्षी रेड बुलच्या तरुण फळीत दाखल. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनमधल्या साखीर इथं त्यानं फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. हे करणारा पहिला भारतीय. गंमत अशी की त्याच शर्यतीत शुमाकरचा मुलगा मिक मागं कुठं तरी राहूनही गुणांच्या जोरावर वर्षाचा अजिंक्यवीर ठरला, आणि कॅमेरे सगळे तिकडं वळले. २०२२ मध्ये जेहाननं मॅक्लारेनची एफ-वन गाडी चाचणीत चालवली. शर्यतीची जागा काही मिळाली नाही. मग तो विजेवर पळणाऱ्या फॉर्म्युला ई गाड्यांकडं वळला.

एफ-वन या शिडीच्या वरच्या पायरीवर तेव्हा वीसच जागा होत्या आणि उमेदवार जगभरचे. त्यातून हा खेळ टायरगणिक पैसे खातो. बापाचा खिसा हे यातलं पहिलं इंजिन, पायाखालचं दुसरं. कोल्हापूरकरांनी स्वतःचा कार्टिंग ट्रॅक उभारला, तिथं राष्ट्रीय फेऱ्या झाल्या, तिथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात अजून कार्ट म्हणजे बैलाचीच.

वीस वर्षं एक दिवस

अमेरिकन पोरांचं मात्र आक्रीत आहे. आपल्याकडं ज्या वयात आरटीओच्या लायसन्ससाठी आठाचा आकडा काढतात, त्या वयात तिकडं ३०० किलोमीटरच्या वेगानं गोल फिरतात. नॅस्कारच्या पिकअप मालिकेत छोट्या ट्रॅकवर सोळाव्या वर्षी प्रवेश, सर्वांत वरच्या कप मालिकेत अठराव्या. जोई लोगानो १९ वर्षं ३५ दिवसांचा असताना कपची शर्यत जिंकला. पावसानं ती आधीच आटोपली होती, पण विजय तो विजय. ट्रेव्हर बेन तर २०११ मध्ये डेटोना ५०० जिंकला तेव्हा त्याला वीस पूर्ण होऊन एकच दिवस झाला होता. कपमधली त्याची ही फक्त दुसरी शर्यत. जिंकल्यावर गाडी कुठं न्यायची हेही त्याला ठाऊक नव्हतं, रेडिओवरून विचारावं लागलं. डेटोना ५०० म्हणजे ८०५ किलोमीटर: जळकोटहून मुंबई गाठायची आणि परत फिरून पुणं ओलांडायचं. हे सगळं साडेतीन तासांच्या आसपास.

सध्याचं पोर म्हणजे कॉनर झिलिश, जन्म २००६. अठराव्या वर्षी नॅस्कारच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेतली पहिलीच शर्यत जिंकून आला. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉटकिन्स ग्लेनची शर्यत जिंकली, अंगावर ओरखडा नाही. मग आनंद साजरा करायला गाडीवर चढला, पाय घसरला, खाली पडला आणि गळपट्टीचं हाड मोडलं. पुढची गंमत त्याहून मोठी. पुढच्या शर्यतीला, डेटोनाला, हा सुरुवातीपुरता बसला, मध्येच उतरला, पार्कर क्लिगरमन नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं गाडी पुढं नेली आणि पहिली आणली. नियम असा की सुरुवात करेल त्याच्या नावावर निकाल. विजय झिलिशचा! एकूण दहा शर्यती त्यानं त्या वर्षी जिंकल्या. अजिंक्यपद मात्र शेवटच्या एका शर्यतीवर ठरायचं होतं. ते दोनच शर्यती जिंकलेल्या जेसी लव्हनं नेलं. वर्षभर पहिला नंबर आणि बोर्डाच्या पेपराला घोटाळा, हे दुःख लातूर पॅटर्नवाल्यांना समजेल.

बोलेरो नव्हे, तसलीच पिकअप

या नॅस्कारमध्ये एक भारतीय उतरून आला आहे. कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन, भारताचा पहिला एफ-वन ड्रायव्हर. मार्च २०१० मध्ये मार्टिन्सव्हिलला तो पिकअप मालिकेत पहिल्यांदा पळाला, तेरावा आला. पिकअप म्हणजे पिकअपच, मागं हौदा असलेली. आपण जिच्यात बकऱ्या आणि टोमॅटोचे कॅरेट भरतो त्या जातकुळीची. एकही शर्यत जिंकला नाही, पण वर्षाअखेरी त्या मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. हा किताब प्रेक्षकांच्या मतांवर मिळतो, आणि मतदानाला माणसं जमवणं हे काम भारतीयांना कुणी शिकवावं?

नॅस्कारच्या गाडीत काय असतं, ते पटकन. दार नसतं, खिडकीतून शिरायचं, त्यासाठी स्टिअरिंग काढून बाजूला ठेवायचं. पुढचे दिवे म्हणजे नुसते चिकटवलेले स्टिकर. आतली हवा पन्नास अंशांवर जाते, म्हणजे आपल्या मे महिन्यावर कडी. चार टायर बदलून, पेट्रोल भरून दहा-बारा सेकंदांत गाडी बाहेर. कप मालिकेत २०२१ पर्यंत एका चाकाला पाच नट असायचे, आता एकच. हे पंक्चरवाल्याला सांगू नका, तो पाच नटांचे पैसे सोडणार नाही.

आमचा ट्रॅक

जळकोटची जागा नकाशावर बघा: एका अंगाला देवणी, दुसऱ्या अंगाला कंधार. दोन्ही गावांनी देशाला गायी-बैलांच्या जाती दिल्या, देवणी आणि लालकंधारी. एवढं असून शंकरपटाच्या, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या, मैदानात नाव घेतलं जातं ते पश्चिमेकडच्या खिल्लाराचं. आमचा देवणी अंगानं भारदस्त. नांगराला, दुधाला चांगला, पळायला नाही. ट्रॅक्टरला शर्यतीत उतरवावं तसं ते.

पण नियम बघितले तर पट आणि नॅस्कार मावसभाऊच. दोन्हीकडं गाडी हलकी हवी, दोन्हीकडं निकाल सेकंदाच्या तुकड्यांत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. अंतर १००० मीटरच्या आत, चाबूक नाही, काठी नाही, शॉक नाही. डनवेचे पाटे तपासले तसे आता इथं बैल तपासतात, पशुवैद्यकाच्या दाखल्यासह.

इटिऑसवाल्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या मॅडम हीच गाडी घेऊन अजून पळतात का?" पळतात, पण आता फेरारी घेऊन. तो हसला. इटिऑसचं उत्पादन भारतात २०२० मध्ये बंद झालं. स्टँडवर अजून तीन आहेत, आणि चौथी सीट भरल्याशिवाय एकही हलत नाही.