विमा कंपनीच बुडायला लागली, तर आपल्या हप्त्यांचे काय?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत आपली माणसे पोटाला चिमटा काढून विम्याचे हप्ते भरतात. पण कंपनीच अडचणीत आली तर?

अमेरिकेत राज्याचा विमा नियामक न्यायालयाच्या आदेशाने अशी कंपनी ताब्यात घेऊन सावरू पाहतो. आपल्याकडे विमा कायदा १९३८ नुसार आयआरडीएआय प्रशासक नेमते. सहारा लाइफवर जून २०१७ मध्ये प्रशासक आला. २ जून २०२३ रोजी तिच्या सुमारे २ लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपवण्याचा आदेश निघाला. काही दिवसांतच मुंबईच्या रोखे अपील न्यायाधिकरणाने त्याला स्थगिती दिली. या ओढाताणीत टांगणीला लागतो तो पॉलिसीधारक.

प्रशासक आला म्हणजे पॉलिसी संपली नाही. घाबरून हप्ता थांबवला, तर मात्र ती बंद पडू शकते. पावत्या जपा. तक्रारीसाठी आयआरडीएआयचा क्रमांक १५५२५५ आहे.

बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, एलआयसीच्या पॉलिसीला केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपनीच्या पॉलिसीला तसे कवच नाही. विमा सरकारच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढाचा असावा, असे बाबासाहेबांनी १९४७ मध्येच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मांडले होते. निदान हमी तरी सर्वांना मिळावी, एवढीच आमची मागणी आहे.