लिंबू ठेवण्याआधी टायर वाचा

दसरा-धनत्रयोदशीला जालना रोडवरच्या शोरूममध्ये डिलिव्हरीची रांग लागते. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, घरच्यांचा फोटो. ज्या टायरखाली लिंबू ठेवतात, त्यावर काय छापलंय ते मात्र सहसा कुणी वाचत नाही. वाळूज एमआयडीसीत गुडइयरचे टायर तयार होतात, तरी टायरबद्दलच्या ऐकीव गोष्टींना आपल्या शहरात तोटा नाही.

‘कंपनीने बसवलेत म्हणजे बरोबरच असणार.’ बहुतेक वेळा असतात. पण कारखाना ते शोरूम या वाटेवर गाडी ट्रेलरवर चढते, यार्डात उभी राहते. एखादं चाक बदललं जाऊ शकतं. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर, काही गाड्यांत इंधनटाकीच्या झाकणामागे, स्टिकर असतं. त्यावर समजा २०५/५५ आर १६ लिहिलंय, तर चारही टायरवर तेच हवं. पुढचं ‘९१ व्ही’ही बघा: ९१ म्हणजे एका टायरची भारक्षमता ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. स्टिकर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा हे आकडे कमी नकोत. महागड्या मॉडेलचे रुंद टायर शेजाऱ्याच्या गाडीला असले, म्हणून तुमचे चुकीचे ठरत नाहीत. मॉडेलगणिक माप बदलतं.

‘शेजाऱ्याला अमुक ब्रँड, मला तमुक, म्हणजे फसवलं.’ नाही. गाडी बनवणारे दोन-तीन कंपन्यांकडून टायर घेतात. एकाच गाडीच्या चार चाकांना वेगवेगळा ब्रँड किंवा नक्षी दिसली, तर मात्र गाडी ताब्यात घेऊ नका.

‘टायर गाडीपेक्षा जुने, म्हणजे जुना माल.’ टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. दोन-चार महिन्यांचं अंतर अगदी नेहमीचं. वर्षभराहून जास्त असेल तर जाब विचारा. बाहेरच्या बाजूला आकडे सापडले नाहीत तर आतल्या बाजूला असतात. वाकायची लाज वाटून घेऊ नका.

सगळ्यात घातक गैरसमज हवेचा. टायरवर छापलेला दाब भरायचा, असं पुष्कळांना वाटतं. तो त्या टायरचा कमाल दाब. भरायचा तो दारावरच्या स्टिकरवरचा, तोही टायर थंड असताना. वाहतुकीसाठी आणि यार्डात उभं राहण्यासाठी अनेकदा हवा जास्त भरलेली असते आणि डिलिव्हरीच्या गडबडीत ती तशीच राहते. गाडी टणटण उडते आणि मालक सस्पेन्शनला शिव्या घालतो. सावंगी किंवा माळीवाड्याहून थेट समृद्धीवर चढणार असाल, तर हवा आधी तपासाच. १२० च्या वेगाने तासन्‌तास काँक्रीटवर टायर चांगलाच तापतो. कमी हवेचा टायर तर जास्तच तापतो आणि फुटायची भीती तिथे खरी. नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. भरा हवं तर, पण दाब तपासणं चुकत नाही.

‘स्टेपनी नाही, म्हणजे डीलरने काढून घेतली.’ ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनीशिवाय गाडी विकायला २०२० पासून नियमाने मुभा आहे. स्टेपनी बारीक असली तर तिच्यावरची वेगमर्यादा वाचा. बहुधा ताशी ८०.

‘मोठे टायर टाकले की गाडी भारी.’ १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ टाकला, तर चाकाची उंची सुमारे चार टक्के वाढते आणि तेवढ्याच प्रमाणात मीटर वेग कमी दाखवतं. १९५/५५ आर १६ टाकला, तर उंची जवळपास तीच राहते. म्हणजे हौस करायला हरकत नाही, हिशेब मात्र करून. आणि गाडीच्या वॉरंटीवर काय परिणाम होईल, हे लेखी विचारून.

ही सगळी तपासणी नोंदणीआधी, यार्डात, दिवसाउजेडी करा. एमएच २० ची पाटी लागली की डीलरशी बोलायचं तुमचं वजन निम्मं होतं. चारही टायर आणि स्टेपनीच्या आकड्यांचे फोटो काढून ठेवा. टायरची वॉरंटी सहसा टायर कंपनी देते, आणि कडेला फुगवटा आला तर पहिल्यांदा हेच आकडे मागितले जातात.