यकृताच्या एका पेशीचा दिवस

सकाळी ७. मालकाच्या पोटात रात्रभर काही नाही. यकृताच्या पेशीत अल्ब्युमिन हे प्रथिन तयार होतंय, पण हात आखडून. त्याचा आरएनए-संदेश ६०९ अमिनो आम्लांचा. पहिली २४ पुढे छाटली जातील.

सकाळी ९. नाश्ता झाला, इन्शुलिन वाढलं. आता तासांची भाषा कुचकामी. रायबोसोम सेकंदाला पाच-सहा आम्लं जोडतो, सुमारे दोन मिनिटांत साखळी पुरी. प्रत्येक आम्ल टी-आरएनएवर बसून येतं आणि त्या टी-आरएनएला ईईएफ१ए हा घटक घेऊन येतो, सोबत ऊर्जेसाठी जीटीपी. संदेशातली तीन अक्षरं जुळली की जीटीपी फुटतं आणि ईईएफ१ए निघून जातो. जुळली नाहीत, तर टी-आरएनए बहुधा आल्या पावली परत. रिकाम्या ईईएफ१एला नवं जीटीपी मिळवून देण्याचं काम ईईएफ१बीचं. आम्लांमधला बंध मात्र रायबोसोमचा आरएनए स्वतः जुळवतो. पाठ्यपुस्तकातलं चित्र घाईत पाहिलं की हे श्रेय हमखास चुकीच्या पदरात पडतं.

सकाळी ११. बंध जुळला की ईईएफ२ रायबोसोमला तीन अक्षरं पुढे सरकवतो. त्यालाही एक जीटीपी. आम्लामागे दोन, म्हणजे एका अल्ब्युमिनला बाराशेच्या वर. टी-आरएनएवर आम्ल चढवण्याचा खर्च वेगळा.

दुपारी १. दुसऱ्या एका संदेशात ओळीने तीन प्रोलीन. रायबोसोम अडखळतो, ईआयएफ५ए येऊन वाट मोकळी करतो.

दुपारी ४. याच ईईएफ२वर एका हिस्टिडीनचं रूप बदलून डिप्थामाइड झालेलं असतं. घटसर्पाचं विष नेमकं तिथेच एक रासायनिक गट चिकटवतं आणि रायबोसोम जागच्या जागी थांबतात. विषाचा एक रेणू पेशीत शिरला तरी ती मरू शकते. त्रिगुणी लसीतल्या तीनपैकी एक भाग याच विषाविरुद्ध.

रात्री १०. जेवण चुकलं. एटीपी घटलं की एएमपीके जागा होतो, तो ईईएफ२चा कायनेज चालू करतो आणि ईईएफ२वर फॉस्फेट चढतं. असा ईईएफ२ रायबोसोमला नीट धरत नाही. साखळ्यांचा वेग मंदावतो, पण अर्ध्या झालेल्या फेकल्या जात नाहीत. केलेला खर्च वाचतो. मला ही काटकसर नवी साखळी सुरूच न करण्यापेक्षा हुशार वाटते, जरी पेशी दोन्ही करते.

पेशीला हे परवडतं. रक्तातलं अल्ब्युमिन निम्मं व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, त्यामुळे एका रात्रीचा उपास उद्याच्या रक्ततपासणीत दिसणार नाही.