जुने विमान पुन्हा घडविताना

लातूरच्या गंजगोलाईत एखाद्या कापडदुकानात जाऊन कोणी घट्ट विणीच्या कोऱ्या मलमलीचे तागे मागितले आणि "विमानाला लावायचे आहेत" असे सांगितले, तर दुकानदार काय म्हणेल? "अहो, थट्टा करता काय गरिबाची?" असेच ना! परंतु राईट बंधूंचे १९०३ सालचे विमान असल्याच कापडाचे होते. आत स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेली मलमल, आणि वरच्या-खालच्या पंखांना जखडून ठेवणाऱ्या तारा. तेव्हा असे विमान पुन्हा घडवायचे म्हटले, तर पुष्कळसे काम सुताराचे, शिंप्याचे आणि लोहाराचेच निघते.

जगात कित्येक ठिकाणी हौशी मंडळींनी हे काम अंगावर घेतले आहे. इंग्लंडात वेब्रिज येथे विमान कारखान्याशी संबंधित लोकांनी एक मंडळ काढले आणि पहिल्या महायुद्धातले 'गनबस' विमान नव्याने बांधले. १९६६ साली ते उडालेसुद्धा. पाठोपाठ १९६९ साली त्यांनी 'व्हिमी' उडवले. याच जातीच्या विमानातून अल्कॉक आणि ब्राऊन हे दोघे जून १९१९ मध्ये वाटेत कोठेही न उतरता अटलांटिक महासागर ओलांडून गेले होते. ही दोन्ही नवी-जुनी विमाने पुढे लंडनजवळ हेंडन येथील हवाई दलाच्या संग्रहालयात दाखल झाली.

आपण म्हणाल, मूळ विमानच दुरुस्त करून ठेवावे, प्रतिकृती कशाला? मूळ वस्तू हाती असेल तर तेच उत्तम. २०१८ साली आपल्या हवाई दलाला मिळालेले 'परशुराम' नावाचे डकोटा विमान असेच जुने, डागडुजी करून उडते केलेले आहे. पण लाकूड किडते, कापड कुजते, इंजिन भंगारात जाते. पुष्कळ विमानांचा मागमूसही उरलेला नाही. कधी मूळ वस्तू दुसरीकडे निघून जाते. राईट बंधूंचे विमान १९२८ पासून वीस वर्षे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात होते. १९४८ मध्ये ते अमेरिकेला परत गेले. जाण्यापूर्वी त्याची मापे घेऊन नकाशे काढले गेले, आणि डी हॅविलंड कंपनीच्या तंत्रशाळेतल्या विद्यार्थ्यांनी त्याची हुबेहूब प्रतिकृती बनवली.

काम चालते ते असे. प्रथम नकाशे, जुनी छायाचित्रे, उरलेले सुटे भाग गोळा करायचे. मग एका फासळीचा साचा करायचा आणि त्यावर पंखाच्या सगळ्या फासळ्या एकसारख्या बेतायच्या. सांगाडा जुळला की कापड चढवायचे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या विमानांच्या कापडावर 'डोप' नावाचे रोगण देतात. ते वाळले की कापड आवळते आणि ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होते. शेवटी तारांचा ताण सारखा करायचा. एक बाजू ढिली राहिली, की पंखाला पीळ पडलाच म्हणून समजा.

एवढा खटाटोप केवळ शोभेसाठी नव्हे, बरं का! अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या स्वयंसेवक अभियंत्यांनी १९०३ च्या विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती बांधली. १९९९ साली ती नासाच्या प्रचंड वातबोगद्यात ठेवून तिच्यावर वारा सोडला. विमान नाक वर-खाली करण्यात फार चंचल आहे, चालकाने क्षणोक्षणी सावरले नाही तर ते कोसळेल, हे मोजमापांनिशी सिद्ध झाले. पुढे १७ डिसेंबर २००३ रोजी, पहिल्या उड्डाणाच्या शताब्दीला, दुसरी एक प्रतिकृती किटी हॉकजवळ उडवू पाहिली. पाऊस पडलेला, वारा अपुरा. विमान उठले नाही, चिखलपाण्यात बसले. त्या दोघा भावांनी १२ सेकंदांत १२० फूट जाऊन काय साधले होते, ते त्या दिवशी लोकांना खरे उमगले.

आता आपल्या घरची गोष्ट. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर 'मरुत्सखा' उडवले, असे अभिमानाने सांगतात. त्यावर २०१५ साली हिंदी चित्रपटही निघाला. मग त्याची प्रतिकृती का करू नये? अडचण एकच. विश्वसनीय मापांचे नकाशे हाती नाहीत, आणि उड्डाणाला त्या काळचा भक्कम पुरावा नाही. अशा स्थितीत जे बनेल ते बनवणाऱ्याच्या कल्पनेचे विमान होईल, तळपद्यांचे नव्हे. अभिमानाने पंख बांधता येत नाहीत. त्याला इंच आणि सूत लागते.

म्हणून नांदेड-लातूरच्या वाचकहो, यातला धडा विमानापुरता नाही. आपल्या विहिरीवरची मोट गेली. नाडा किती जाड, सोल किती लांब, धावेचा उतार किती, हे हाताने जाणणारी म्हातारी माणसे अजून काही गावांत आहेत. लाकडी तिफण, जुनी बैलगाडी यांचेही तेच. शाळेतल्या चार मुलांनी सुट्टीत टेप आणि वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, मापे टिपावीत, प्रत्येक भागाचे गावातले नाव लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी कोणाला मोट पुन्हा घडवावीशी वाटली, तर त्याला तेवढी वही पुरेल.