नव्या फिश टँकमधले मासे का दगावतात?

पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मुले दिवाळीला किंवा वाढदिवसाला घरी येताना आई-वडिलांसाठी फिश टँक घेऊन येतात. हेतू स्तुत्यच असतो. काचेची पेटी, रंगीत खडे, पाणी आणि दहा-बारा मासे अशी सारी मांडणी एकाच दिवसात उरकते. मुले रविवारी परततात, आणि आठवड्याभरात मासे एकेक करून मरू लागतात. मग घरात एकटी उरलेली वृद्ध व्यक्ती स्वतःलाच दोष देते. रक्तदाब तपासण्यासाठी आलेल्या सांगलीच्या एका आजींनी मला विचारले, “डॉक्टर, माझ्याच हाताला यश नाही, असं समजायचं का हो?” त्यांचे यजमान जाऊन वर्षही झाले नव्हते. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

दोष हाताचा नसतो, घाईचा असतो. आपल्या शरीरात तयार होणारा विषारी अमोनिया यकृत निरुपद्रवी करते. यकृत निकामी झाले की रुग्णाला भ्रम होतो, तो त्यामुळेच. मासे अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू यकृताचे काम करतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचे तुलनेने सौम्य नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात अमोनिया कल्ले जाळतो, आणि नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ दिसत राहते!

म्हणून टँक आधी आणावा, मासे नंतर. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टँकमध्ये टाकावे. ते कुजले की जिवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या घरी निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. ही विरजणाचीच रीत म्हणा ना. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे किट मिळते. दोन्ही शून्यावर आले, की दोन-तीनच मासे सोडावेत. आरंभाला गप्पी उत्तम. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग पाण्याच्या साठ्यांत सोडतो, तोच हा काटक मासा. गोल्डफिश पुष्कळ घाण करतो, त्याला मोठी जागा लागते. काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवणे मला तरी क्रूरपणाचे वाटते.

साताऱ्यात कासचे पाणी, सांगलीत कृष्णेचे. नळाला दोन्ही येतात ती क्लोरीन घेऊनच. आपल्याला जंतूंपासून वाचवणारा क्लोरीन माशांचे कल्ले आणि ते उपयुक्त जिवाणू, दोघांनाही मारतो. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब घालावेत. आठवड्याला पाव टँक पाणी बदलावे, सगळे कधीही नाही. स्पंज नळाखाली धुऊ नये. काढलेल्या पाण्यातच पिळावा. मनी प्लांटची मुळे वरून पाण्यात सोडली तर तीही नायट्रेट शोषतात.

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर औषध शोधण्याआधी खाद्य थांबवावे आणि एक तृतीयांश पाणी बदलावे. घरातल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया असे करू नका. त्याने फिल्टरमधील जिवाणू मरतात, शिवाय औषधांना न जुमानणारे जंतू घरातच पोसले जातात.

सर्वाधिक मासे मरतात ते प्रेमाने, म्हणजे अतिखाद्याने. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. आजोबांना विस्मरण होत असेल, तर ‘आज घातलंच नाही’ म्हणून चार वेळा घातले जाते. त्यावर सोपा उपाय आहे: गोळ्यांसाठी मिळणारी सात खणांची डबी. सुनेने किंवा मुलीने रविवारी ती भरून ठेवावी. खण रिकामा दिसला की आजचे जेवण झाले. मुख्य डबा कपाटात.

आता काळजीवाहकांसाठी. दोन फूट लांब, एक फूट रुंद व तेवढ्याच उंच टँकमध्ये पन्नासेक लिटर पाणी मावते. पाण्याचेच वजन पन्नास किलो. तकलादू स्टुलावर तो ठेवू नये. बादल्या उचलण्याचे काम वृद्धांकडे नको. लहान मग वापरावा. नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये, आधी पाण्याने भरून घ्यावी. फरशीवर सांडलेले पाणी तत्काळ पुसावे, कारण खुब्याचे हाड मोडायला एक घसरण पुरते. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर व पंपाचा प्लग काढावा. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटात जात नाही.

हातावर जखम असेल, मधुमेह असेल, तर लांब रबरी मोजे घालूनच टँक स्वच्छ करावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. टँकच्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयरोगाच्या जंतूचा चुलतभाऊ जखमेतून शिरतो आणि काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी गाठ येते. ती साध्या औषधांनी बरी होत नाही. अशी गाठ दाखवायला जाल, तेव्हा घरी फिश टँक आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते सहसा विचारत नाहीत.