न भेटलेला लेफ्टनंट

टबॅस्को हे नाव आपल्याकडे ओळखीचं झालं ते तिखट सॉसच्या बाटलीमुळे. ज्या मेक्सिकन राज्यावरून ते आलं, तिथे १९२० ते १९३५ या काळात तोमास गारिदो कानाबाल या माणसाचा शब्द चाले. दारू आणि देव या दोन्हींवर त्याचा सारखाच राग. पाद्रीपण करायचं तर आधी लग्न करा, असा कायदा त्याने केला. राज्यातली चर्चं पाडली, राजधानी व्हियाएर्मोसामधलं कॅथीड्रलही सोडलं नाही. लाल शर्ट घातलेल्या तरुणांची फौज उभारली. मुलाचं नाव ठेवलं लेनिन, आणि गोठ्यातल्या जनावरांची नावं देव, पोप वगैरे.

हे वेड एकट्या गारिदोचं नव्हतं. १९१७च्या मेक्सिकन संविधानानेच चर्चची मालमत्ता सरकारजमा केली होती आणि पाद्र्यांचा मताधिकार काढून घेतला होता. राष्ट्राध्यक्ष प्लुतार्को कायेस यांनी १९२६मध्ये ती कलमं कडक शिक्षांसह अंमलात आणली. बिशपांनी देशभरची सार्वजनिक उपासनाच थांबवली, आणि शेतकरी बंदुका घेऊन उठले. तीन वर्षं चाललेलं ते क्रिस्तेरो युद्ध. १९२७च्या नोव्हेंबरात मिगेल प्रो या जेझुइट पाद्र्याला मेक्सिको सिटीत खटल्याविना गोळ्या घातल्या, तेव्हा सरकारने फोटोग्राफर बोलावले होते. दहशत बसावी म्हणून काढलेली ती छायाचित्रं भाविकांनी जपून ठेवली.

मराठी वाचकाला हे चित्र उलटं टांगल्यासारखं वाटेल. गोव्यात मंगेशाला १५६०मध्ये कुठ्ठाळी सोडून प्रियोळ गाठावं लागलं ते पोर्तुगीज धर्मसत्तेमुळे. टबॅस्कोत लपण्याची पाळी चर्चवर आली होती. पण शतकानुशतकं जमिनी आणि दक्षिणा गोळा करणारं चर्च मेक्सिकोनेही पाहिलं होतं, हे विसरलं तर गारिदो नुसता राक्षस ठरतो आणि गोष्ट फार सोपी होते.

इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन १९३८च्या सुरुवातीला मेक्सिकोला निघाला तेव्हा त्याच्या मनातली गोष्ट अशी सोपीच होती. कॅथलिकांच्या छळावर पुस्तक लिहायचं, हे काम त्याला लाँगमन्स या प्रकाशकाने दिलं होतं. लंडन सोडायला आणखीही एक निमित्त होतं. शर्ली टेंपल या बालनटीच्या चित्रपटावर त्याने ‘नाइट अँड डे’ साप्ताहिकात इतकं झोंबरं परीक्षण लिहिलं की स्टुडिओने बदनामीचा दावा ठोकला. मार्चमध्ये कोर्टाने ३,५०० पौंडांची भरपाई ठरवली, तेव्हा स्वारी मेक्सिकोत होती.

तो जन्माने कॅथलिक नव्हता. १९०४मध्ये बर्कहॅमस्टेडला जन्म. वडील तिथल्याच शाळेत मास्तर आणि पुढे मुख्याध्यापक. घर आणि शाळा यांच्यामध्ये हिरव्या कापडाने मढवलेलं एक दार होतं. अलीकडे वडील, पलीकडे त्यांच्या धाकातली पोरं. हा दोन्हीकडचा, म्हणून दोन्हीकडे संशयित. पलीकडच्या पोरांनी त्याचा इतका मानसिक छळ केला की त्याने जीव द्यायचे प्रयत्न केले आणि सोळाव्या वर्षी घरच्यांनी त्याला लंडनला मनोविश्लेषकाकडे ठेवलं. पुढे व्हिव्हियन या कॅथलिक मुलीच्या प्रेमात पडून, आधी तिचा धर्म समजून घ्यावा म्हणून तो नॉटिंगहॅममधल्या एका पाद्र्याकडे जाऊ लागला. फेब्रुवारी १९२६मध्ये त्याने दीक्षा घेतली आणि नाव निवडलं थॉमस, म्हणजे जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास न ठेवणारा प्रेषित. त्याच वर्षी मेक्सिकोत उपासना बंद पडली.

प्रवासाचं पुस्तक ‘द लॉलेस रोड्स’ १९३९मध्ये आलं. ते आज वाचताना लेखकापेक्षा चिडलेला पर्यटकच जास्त भेटतो. उकाडा, डास, हगवण, चियापासच्या डोंगरात खेचरावरची मजल. त्यातच १८ मार्च १९३८ला राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या, आणि इंग्रज माणसाकडे लोक वाकड्या नजरेने पाहू लागले. ग्रीनला मेक्सिकोत चांगलं म्हणून फारसं काही दिसलंच नाही. मात्र व्हियाएर्मोसात एका डॉक्टरने त्याला एक किस्सा सांगितला. राज्यात उरलेल्या शेवटच्या पाद्र्याकडे एका मुलाला बाप्तिस्म्यासाठी नेलं, तर तो इतका प्यायलेला की मुलाला ब्रिगिता हे मुलीचं नाव देऊन मोकळा झाला.

या किश्श्यातून मार्च १९४०मध्ये ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ ही कादंबरी आली. बेंझेड्रिनच्या गोळ्या घेऊन सकाळी तो ‘द कॉन्फिडेन्शियल एजंट’ ही थरारकथा भराभर उरकायचा आणि दुपारी ही कादंबरी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायची. पहिली आवृत्ती ३,५०० प्रतींची. नायक बेनाव: दारुडा, भित्रा, ब्रिगिता नावाच्या एका मुलीचा बाप, आणि तरीही राज्य सोडून न जाणारा पाद्री. मास या उपासनाविधीला लागणारी वाइन तो चोरून विकत घेतो आणि विकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आग्रहाला नाही म्हणता येत नाही म्हणून त्याच्या डोळ्यांदेखत ती सगळी संपते. मला हा प्रसंग शेवटच्या देहदंडाहूनही जड वाटतो.

पण या कादंबरीचं खरं धाडस पाद्र्यात नसून त्याच्या मागावर असलेल्या पोलीस लेफ्टनंटमध्ये आहे. तो लाच घेत नाही, खोलीत संन्याशासारखा राहतो, पोरांवर जीव टाकतो. गरिबांच्या पैशावर पोसलेलं चर्च त्याने लहानपणी पाहिलं आहे. असा माणूस ग्रीनला मेक्सिकोत कुठेही भेटला नव्हता. तो आपण रचला, हे त्याने पुढे स्वतःच लिहिलं. प्रवासवर्णनात ज्यांना त्याने एक गुण दिला नाही, त्यांच्यातल्याच एकाला कादंबरीत त्याने पाद्र्याहून जास्त सद्गुण दिले. हिरव्या दाराच्या दोन्ही बाजूंना राहिलेल्या माणसालाच हे सुचावं. हॉलिवूडला मात्र हे पेललं नाही. जॉन फोर्डच्या १९४७च्या ‘द फ्युजिटिव्ह’मध्ये पाद्री निष्कलंक झाला आणि ते मूल लेफ्टनंटच्या नावावर गेलं.

मंगेशाच्या त्या गोव्यात ग्रीन १९६३च्या अखेरीस आला होता, आणि त्याच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या मारिया अरोरा कुतो याही गोव्याच्याच. आपल्याकडे मात्र त्याची ओळख आर. के. नारायण यांचा पाठीराखा एवढ्यावरच थांबते.

कादंबरीचा राग अखेर मेक्सिकोऐवजी रोमला आला. व्हॅटिकनच्या ‘होली ऑफिस’ने १९५३मध्ये तिच्यावर ठपका ठेवला आणि दुरुस्त्या केल्याशिवाय पुनर्मुद्रण करू नये असं कळवलं. हक्क प्रकाशकांकडे आहेत, असं सांगून ग्रीनने हात वर केले आणि प्रकरण तिथेच विरलं. १९६५मध्ये पोप पॉल सहावे यांची भेट झाली, तेव्हा हे पुस्तक आपण वाचल्याचं पोपनी सांगितलं. त्यावर बंदी घालू पाहणारा कार्डिनल कोण हे ऐकून ते हसले, आणि काही कॅथलिकांना तुमचं लेखन खुपणारच, तिकडे लक्ष देऊ नका, असं म्हणाले. मोंतिनी या नावाने व्हॅटिकनमध्ये काम करत असताना १९५३मध्ये त्यांनी स्वतःच या कादंबरीची बाजू घेऊन पत्र लिहिलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. ती कागदपत्रं २०००च्या सुमारास बाहेर आली. ग्रीन १९९१मध्येच वारला होता.